मामंजींच्या पानातल्या चार मिरच्या

...नाही, झोप लागणार कशी, तुम्हीच सांगा! आरोग्य केंद्रातून फोन येतो, ‘उद्या सासऱ्यांना घेऊन या, हृदयाच्या पथ्याचं नवीन ॲप आलंय, ते तुम्ही वापरायचं आणि आम्ही बघणार.’ काय बघणार? मला? मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, बीपी तीन महिने झाले एकशे साठाखाली उतरत नाही, घरात स्वयंपाक करणारी मी एकटी, आणि बोलावणं नेमकं मलाच... याला तपासणी म्हणतात की चौकशी?

गेलो. मी, मामंजी आणि सहा वर्षांची माझी वाणी. हिला घरचं मराठी सगळं कळतं, बोलते मात्र तमिळ, तंजावूरच्या आमच्या बहुतेक पोरांसारखी. तिथे गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवलेली, ॲपवाल्यांची लावण्या नावाची पोरगी, खास चेन्नईहून आलेली, आणि हसू इतकं गोड की मला तिथेच संशय! “अक्का, घाबरू नका हां. परीक्षा तुमची नाही, ॲपची आहे.”

तुम्हाला सांगते, ‘बघायला नाही ग, सहज कॉफी प्यायला आलो’ असं म्हणत ह्यांची आत्या आमच्या घरी आली होती, ती अगदी याच आवाजात बोलली होती. त्या कॉफीला आता आठ वर्षं झाली!

“आणि अक्का, वापरताना मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा. कुठल्याही भाषेत चालेल.” मनात येईल ते? मोठ्याने? सासऱ्यांच्या शेजारी बसून? अहो, मी या घरात टिकलेय ती मनातलं मनात ठेवूनच ना!

तर पहिला प्रश्न, काल दुपारी मामंजी काय जेवले. डांगर पच्चडी, म्हणजे उडीद भाजून केलेलं पीठ दह्यात कालवून वर फोडणी. शोधते, शोधते... यादीत नाही! किनोवा आहे, ओट्स तीन तऱ्हेचे आहेत, पण आमची पच्चडी नाही. “जवळचं काहीतरी निवडा, अक्का.” मी काकडीची पच्चडी निवडली. टिंग! एक हिरवं पान उगवलं. आता मला सांगा, पहिलं खोटं कुणाचं, माझं की यादीचं?

पण ते पान बघून काय झालं मला, देव जाणे. बी.एस्सी. झालेली बाई मी, पण शाबासकी मिळून किती दिवस झाले होते! अप्पळम, म्हणजे पापड? तळलेलं होतं, मी ‘भाजलेलं’ दाबलं. टिंग! लोणचं? नाही. टिंग! वाळवणातलं खारट काही? इथे बोट अडकलं. मामंजींना दहीभाताशी ताकात मुरवून वाळवलेल्या, तेलात काळ्या होईतो तळलेल्या मिरच्या लागतात. चार. मी ‘नको’ म्हटलं तर ते भांडत नाहीत हो, नुसते अर्ध्या पानावरून उठतात. म्हातारं माणूस उपाशी उठलेलं बघवत नाही म्हणून मी वाढते. हे कुठल्या चौकोनात भरायचं?

“अक्का, गप्प का झालात? परीक्षा तुमची नाही, ॲपची...”

“रंग छान आहे,” मी म्हटलं आणि ‘नाही’ दाबलं. मामंजींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे.

टिंग टिंग टिंग! पडद्यावरचं हृदय हिरवंगार होऊन नाचायला लागलं. ते बघून केंद्रातल्या भुवना डॉक्टर उठून आल्या. “अरे वा, इतकं कडक पथ्य? आणि तरी एकशे साठ? मग जेवणाचा प्रश्नच नाही. गोळीच दुप्पट करू.” आणि काढलं की पेन!

एका गोळीनेच मामंजी सकाळी भिंत धरून उठतात. दुप्पट घेतली आणि न्हाणीघरात पडले तर? एका हिरव्या पानापायी? “थांबा!” मी ओरडले, आणि इतकं तमिळ शिकलेली मी, ऐन वेळी तोंडातून घरचं मराठीच भडाभडा बाहेर! मिरच्या, तळलेलं अप्पळम, लोणचं, सगळं खोटं भरलं, नका वाढवू गोळी...

“काय म्हणतायत या?” डॉक्टर विचारतात.

आणि आमचे मामंजी, शुद्ध तमिळमध्ये, शांतपणे, “काही नाही, डॉक्टर. घरातलं काहीतरी.” ऐकलंत? दुप्पट गोळी चालेल, पण मिरच्या जाता कामा नयेत!

तेवढ्यात वाणी खुर्चीवरून खाली उतरली, हात मागे बांधले आणि शाळेत पाठ म्हणतात तसं खणखणीत तमिळमध्ये सगळं सांगून टाकलं. तेलाचा रंगसुद्धा!

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं. “गोळी तीच. मिरच्या बंद. सोमवारी परत या.” मामंजी पुटपुटले, “एक तरी?” “अर्धीही नाही!” लावण्या आपली वहीत भराभर लिहितेय, “अक्का, लोक नेमकं कुठे खोटं भरतात तेच तर आम्हाला हवं होतं! परीक्षा तुमची ना...”

“कळलं!” मी म्हटलं. म्हणजे माझा संशय खरा होता, फक्त चुकीच्या यंत्रावर होता. पण मामंजी वाचले, आणखी काय हवं? वाणीचा हात धरला, निघाले. ती जागची हलेना. मान वर करून डॉक्टरांना म्हणते,

“हे कालचं झालं. परवाचं सांगू?”