ट्राउडलबाईंना न विचारता केलेलं दार

माझ्या आजच्या निरोपसमारंभाचे अध्यक्ष आणि आमचे कारखानाप्रमुख डॉक्टर क्राउटर, व्यासपीठावरचे मान्यवर, दारविभागातले माझे सगळे सोबती, आणि कँटीनमधून एप्रनसकट उठून आलेल्या आमच्या ट्राउडलबाई, तुम्हा सर्वांना ओयगेन श्टाइनलेचा मनापासून नमस्कार.

छत्तीस वर्षं मी गाड्यांची दारं केली. क्राउटरसाहेब आत्ता म्हणाले, "अख्खा श्वाबिया प्रांत श्टाइनलेंच्या दारातून ये-जा करतो." ऐकायला बरं वाटलं हो! पण पहिल्या रांगेतली ती रिकामी खुर्ची दिसतेय ना? ती माझ्या बायकोची, हिल्ट्रूडची. ती का आली नाही, तेवढं सांगतो.

आमच्या विभागाची रीत जुन्या मंडळींना ठाऊक आहे. दार मंजूर करण्याआधी ट्राउडलबाईंना गाडीत बसवायचं, हातात बटाट्याच्या सॅलडचं भरलेलं पातेलं द्यायचं. न सांडता उतरल्या, की दार पास! एकदा उतरता उतरता अडकल्या आणि ओरडल्या, "अहो श्टाइनले, हे दार आहे की उंदराचा पिंजरा?" चार महिने बिजागऱ्या बदलत बसलो. पण दार सुधारलं.

या नव्या गाडीच्या वेळी त्यांना कुणी बोलावलंच नाही. छप्पर बसकं, दार चिंचोळं, उंबरा गुडघ्याला लागेल इतका उंच. मी विचारलं, म्हातारी माणसं बसणार कशी? वरून उत्तर आलं, "संगणकातला बाहुला बसला ना!" बसणारच! त्याचे गुडघे दुखतात का? त्याला कधी कंबर धरून उठावं लागलंय? शी! त्या बाहुल्याची शिसारी येते मला. आणि त्याहून जास्त माझी मला येते, कारण "जाता जाता वाद कशाला" म्हणून मार्चमध्ये मी दाराच्या मंजुरीवर मुकाट्यानं सही ठोकली.

आज कंपनीनं मोठ्या मानानं तीच गाडी हिल्ट्रूडला आणायला पाठवली. तिच्या खुब्याच्या ऑपरेशनला जेमतेम सात आठवडे झालेत. ड्रायव्हरनं मघाशी येऊन सांगितलं, बाईंनी दोनदा मागच्या दारानं, एकदा पुढच्या दारानं बसायचा प्रयत्न केला. डोकं आपटलं, पाय अडकला. शेवटी म्हणाल्या, "जा बाबा तू. ओयगेनला सांग, दार दिसायला फार छान झालंय. मी घरीच बसते."

क्राउटरसाहेब, निरोपाची भेट म्हणून दिलेली या गाडीची किल्ली मी इथे टेबलावर ठेवतोय. शेजारी हा कागद. माझी सही मी मागे घेतली आहे. गाडी सोमवारपासून बनायला लागणार होती. आता आधी पातेलं भरा, आणि ट्राउडलबाईंना बसवा.

तुम्ही जीव लावलात, त्याबद्दल आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर पोटात घाला. त्या दाराची माफी मात्र तुमच्याकडे मागत नाही. ती घरी जाऊन मागायची आहे. येतो मी, माझी ट्राम चुकेल.