दाजींचा जुना पाय

...सरकारचं एक वेळ कळतं हो, पर आमच्या दाजींचं कळत न्हाय, तुमास्नी सांगतो! सरकार निदान लिहून तरी देतं, बाबा तुझं काम अमक्यापायी झालं न्हाय. दाजी काय म्हणत्यात? "मला काय झालंय?" संपला विषय! आता तुमीच सांगा, सुरुंगावर पाय पडून डावा पाय गुडघ्याखालनं गेलेल्या माणसानं असं म्हणावं का? दाजी फौजेतनं घरी आलं तवा गल्लीनं जीपमधनं मिरवणूक काढली, हलगी लावली, तर हे बाबा जीपमधनं उतरून हलगीपुढं नाचाय लागलं! आमची आक्का, म्हंजे माझी थोरली भन, दाजींची बायको, ती मागनं वरडतीया, "अवं, पाय! पाय!" तर नाचता नाचताच म्हणत्यात, "मला काय झालंय?"

मी जोतीराम, दाजींचा मेव्हणा. कळंब्यात आक्काच्या घरीच ऱ्हातो. करतो काय म्हणून इचारू नका, ते आक्का रोज इचारतीया तेवढं बास हाय.

तर पेन्शन. येती की, येत न्हाय कशाला म्हणू? वर्षातनं एकदा बँकेत जाऊन आपण जिता हाय म्हणून दाखवायचं, तेवढंच. त्यात बी गेल्या साली तिथला साहेब म्हणाला, "हंबीरराव, हयातीचा दाखला द्या," तर दाजींनी टेबलावर कोपर टेकलं आन् म्हणालं, "दाखला कशाला, पंजा लढवा की." आता ह्याला काय म्हणायचं?

पर पेन्शन पोटाला पुरती, दिवसाला पुरत न्हाय. सकाळची धार काढली की माणूस मोकळा. मग बसायचं कुठं? कट्ट्यावर? तिथं मी बसलेला असतोय! हा एवढा रांगडा गडी, दुपारभर उंबऱ्यावर बसून रस्त्यावरच्या ट्रका बघायचा. आतनं तुटत होता हो माणूस... मला दिसत होतं, आक्काला दिसत होतं. पर सांगणार कोण? मला काय झालंय!

आन् अशात एक जागा निघाली. सरकारी हापिसात चौकशीच्या खिडकीवर, खास दिव्यांग माजी सैनिकासाठी राखीव. आक्का म्हणाली, "जोत्या, ह्यास्नी घिऊन जा, आन् तोंड तू उघड, त्यास्नी उघडू देऊ नको." घिऊन गेलतो की! पर काय झालं...

थांबा, आधी पायाचं सांगतो, त्याबिगर कळायचं न्हाय. दाजींला पाय दोन. म्हंजे उजवा धरून तीन. एक जुना नकली पाय. तो टेकताना टक् करायचा आन् उचलताना कर्र. टक्-कर्र, टक्-कर्र, दाजी गल्लीच्या तोंडाला आलं की आक्का चहा टाकायची. दुसरा नवा पाय, पुण्यासनं मिळालेला. आवाज न्हाय, काय न्हाय, वरनं प्यांट घातली की कुणाच्या बापाला कळायचं न्हाय. आक्कानं तो आधी जोतिबाला नेऊन त्याला गुलाल लावला, मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला, साड्यांच्या शेजारी. का? तर सणासुदीला वापरायचा!

पर आमच्या म्हशीला नवा पाय पटला न्हाय. म्हशीचं नाव कलेक्टरीण. का, तर वळखीबिगर काम करत न्हाय. आन् तिची वळख टक्-कर्रशी. नवा पाय घालून दाजी गोठ्यात गेलं तर घरात चोर शिरल्यागत बघाय लागली, कासंला हात लावू देईना! जुना पाय चढवला, टक्-कर्र, की सोडला पान्हा. मग ठरलं, नवा पाय माणसांसाठनं, जुना म्हशीसाठनं.

तर अर्ज द्यायला दाजी नवा पाय घालून आलं, आन् चाललं असं रुबाबात, जणू झेंड्याला सलामी द्यायला निघाल्यात. खिडकीतला साहेब वर बघतो, खाली बघतो, चष्मा पुसतो. "अहो, ही जागा दिव्यांगांची आहे. दिव्यांग कोण, हे का?" म्हंजे मी! मी म्हटलं, न्हाय साहेब, हे. साहेब म्हणाला, "यांना काय झालंय?" आन् मी तोंड उघडायच्या आत दाजी म्हणालं... काय म्हणालं?

बरोब्बर! "मला काय झालंय?"

मी वाकून त्येंची प्यांट वर कराय गेलो तर हातावर अशी चापट मारली, अजून वळ हाय. कशीबशी कागदं आत सरकवली. साहेब म्हणाला, "मुलाखतीत बघतील. पण वयाची अट बघता ही शेवटची संधी बरं का." घरी आल्यावर दाजी परत उंबऱ्यावर ट्रका बघत बसलं. रात्री ताटात भाकरी तशीच.

आन् मुलाखत आली कवा? खंडेनवमीला! मी सकाळी गाडी पुसून दारात. "दाजी, पाय बदला, चला." दाजी गोठ्यातनं आलं, टक्-कर्र, टक्-कर्र, आन् देवघराफुडं थांबलं. पाटावर काय? कोयता, खुरपं, इळा, आन् मधोमध नवा पाय! हळद, कुंकू, वर झेंडूची माळ! मी म्हटलं, आक्का, अगं हे काय? आक्का म्हणाली, "खंडेनवमीला हत्यार पुजायचं. फौजीचं हत्यार काय? बंदूक सरकारनं काढून घेतली आन् पाय दिला. मग पायच की हत्यार! आन् पुजलेलं हत्यार आज हलवायचं न्हाय."

अगं, नोकरीचं काय? "देवाचं काय?" झालं! सुरुंगाला न भ्यालेला माणूस, आक्काच्या हळदीकुंकवाला भ्याला. म्हशीच्या पायावर निघालो, पायाला शेणाचा वास, तसाच!

हापिसात जातो तर मुलाखत तिसऱ्या मजल्यावर. आन् लिफ्टवर पाटी, 'बंद आहे.' दिव्यांगांची मुलाखत, तिसरा मजला, लिफ्ट बंद! मी म्हटलं, दाजी, बसा, मी साहेबास्नी खाली बोलावतो. दाजी म्हणालं... सांगायला नगो. आन् लागलं चढाय. टक्-कर्र... टक्-कर्र... त्या जिन्यात आवाज घुमतोय, खिडक्यांतनं माणसं बाहेर बघाय लागली, एक शिपाई हातातला चहा घिऊन तसाच उभा. दुसऱ्या मजल्यावर कपाळाला घाम, ओठ दाबलेलं, पर थांबायचं नाव न्हाय. टक्-कर्र...

आत गेलो तर मधल्या खुर्चीवर म्याडम. कागद बाजूला सारून बसलेल्या. म्हणाल्या, "हंबीरराव, लिफ्ट बंद होती, आम्हीच खाली आलो असतो. एवढं चढून आलात, त्रास झाला का?"

मी दाजींच्या तोंडाकडं बघतोय! आता बोलणार... बोलणार... आन् बोललं की! "मला काय झालंय?"

मी डोळं मिटलं. गेली नोकरी. आन् म्याडम हळूच म्हणाल्या, "झालंय ते आम्ही खालच्या पायरीपासून ऐकतोय. आणि न थांबता वर आलात, तेही ऐकलं. आता विचारायचं काही राहिलं नाही."

तुमास्नी सांगतो, जे ह्या माणसानं तोंडानं जन्मात सांगितलं नसतं, ते त्या म्हशीच्या पायानं सांगितलं! उतरताना दाजी खालच्या पायरीवर जरा बसलं, रुमाल डोळ्याला लावला. मी म्हटलं, दाजी? म्हणालं, "मला काय..." आन् रुमाल खिशात कोंबून उठलं.

आता दाजी नवा पाय घालून चौकशीच्या खिडकीवर बसत्यात, रुबाबात. सकाळची धार काढून जात्यात. पर सांजच्या धारंचं काय? दाजी यायला दिवेलागण, आन् कलेक्टरीण तवर थांबती व्हय? मग आक्का कपाटातनं जुना पाय काढती आन् माझ्या हातात देती. एक पाऊल माझं, एक त्या पायाचं, वाकून गोठ्यात फिरायचं, टक्-कर्र, टक्-कर्र... आक्का मागनं वरडती, "कर्र नीट कर की, पान्हा सोडंना ती!" गल्ली गोळा होती बघायला. शेजारची शालूबाई कुंपणावरनं इचारती, "आरं जोतीराम, हे काय झालंय तुला?"

काय झालंय म्हंजे? आवं, नोकरी लागलीया! दाजींला सरकारनं लावली, मला दाजींच्या पायानं... आन् माझ्या ह्या नोकरीला तर पेन्शन बी न्हाय!