परसातला आठ फुटी कडा

नाही, आठ फूट म्हणजे काही फार नाही असं तुम्ही म्हणणार, मला माहीत आहे, सगळेच म्हणतात, पण तुम्ही ते खालून बघताय हो! वरून बघा एकदा... वरून बघितलं की आठाचे अठरा होतात, आणि वारासुद्धा नेमका तेव्हाच सुटतो!

तुम्हाला सांगतो, या सगळ्याचं मूळ माझ्या जिभेत आहे. 'त्यात काय एवढं?' हे माझ्या तोंडून निघालं की समजावं, घरात काहीतरी मोडणार, आणि नाहीच काही सापडलं तर मी मोडणार!

झालं काय, आमची थोरली, पहिलीत आहे, घरात तिला चिमणी म्हणतो, ती एक दिवस शाळेतून आली ती नाक ओढतच. शाळेच्या मैदानात चढायची लोखंडी जाळी आहे, सगळी पोरं माकडांसारखी वर, आणि ही खाली दांडी घट्ट धरून उभी. झालं, पोरांनी नाव ठेवलं, भित्री भागूबाई! बायकोनं नुसतं माझ्याकडे बघितलं. आता पोरीचं नाक आईचं, केस आईचे, हुशारी तर आईचीच, मग बापाकडून काय आलं? हे आलं! अहो, आमच्या घरात बल्ब बदलायला बायको चढते आणि मी स्टूल धरतो. तेही खाली मान घालून, वर बघितलं की गरगरतं!

तर मनाला लागलं हो, आणि बोलून गेलो, "चिमणे, आपल्या परसातच चढायची भिंत करू. लाकडाची, मी स्वतः करतो. त्यात काय एवढं?"

सासूबाई समोरच बसलेल्या. "घरात एवढ्या भिंती आहेत, जावईबापू, नुसता खिळा ठोकलात तरी पोपडे पडतात. आणखी एक कशाला?"

पण मी पेटलो होतो ना! दोन खांब पुरले, मोठ्ठी आठ फुटी प्लायची फळी आणली, तिच्यावर हौसेनं डोंगर काढले, मधोमध सूर्य काढला, मग भोकं पाडली. आता या भोकांत मागच्या बाजूने नट ठोकायचे आणि पुढून त्या रंगीत प्लास्टिकच्या पकडी बोल्टनं आवळायच्या, म्हणजे मुलं त्यांना धरून वर चढणार. मी नट ठोकले, एकूण एक ठोकले, घाम पुसला, मागे सरून ऐटीत बघितलं... आणि सगळे नट पुढून! सूर्याच्या तोंडावर देवी आल्यासारखे! सासूबाई म्हणतात, "म्हणजे पोरांनी मागून चढायचं का?" शेवटी फळीच उलटी केली. आता आमचा सूर्य शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे उगवतो.

बरं, पकडी लावल्या, तर चिमणी खाली उभी राहून वर बघतेय. "बाबा, हिच्यावर चढायला आधी कशावर चढायचं?" पहिली पकड माझ्या छातीला आली होती! मी आपल्या हाताला सोयीचं बघून भोकं पाडलेली. मग पुन्हा ड्रिल, पुन्हा भोकं... त्यात काय एवढं!

अखेर भिंत उभी राहिली. खाली गादी घातली, सगळे जमले. आमच्या धाकट्यानं, वय वर्षं तीन, पुढे होऊन पहिल्या पकडीला चावून बघितलं आणि परत गेला. चिमणी मात्र हात पाठीमागे बांधून उभी. म्हटलं, "चढ ना राजा." तर म्हणते, "बाबा, तू आधी."

बायको बघतेय, सासूबाई बघतायत, धाकटा बघतोय. तोंडातून गेलंच, "त्यात काय एवढं?"

गेलो हो! डोळे फळीला चिकटवून गेलो, पार वरची कड धरली, म्हटलं जिंकलो, आणि मान फिरवून ऐटीत खाली बघितलं... संपलं! पाय लाकडाचे झाले, फळी कुठली आणि पाय कुठला, काही कळेना!

"अहो, उतरा आता."

"उतरतोय."

"कधी?"

"घाई करू नकोस!"

"थांबा, शिडी आणते."

"शिडीवर मी चढणार नाही!"

"अहो, चढायचं कुठंय, उतरायचंय!"

तेवढ्यात खालून आवाज, "बाबा, रडू नकोस."

"मी रडत नाहीये, घाम आहे तो."

"डोळ्यांतून?"

आणि मग शेजारी खुडखुड झाली... बघतो तर चिमणीचं डोकं माझ्या कमरेशी! पोरगी वर आलेली! आपण चढलोय हे तिच्या ध्यानातसुद्धा नव्हतं, तिचं सगळं लक्ष माझ्या पायांकडे. खाली बायको तोंडावर हात धरून गप्प, सासूबाई गप्प, आणि मी तर श्वाससुद्धा घेईना, न जाणो, बोललो आणि हिनं खाली बघितलं तर?

"बाबा, डावा पाय सोड. तो नाही, तो उजवा आहे. आता खाली... अजून... तिथं हिरवी आहे बघ. ठेव."

ठेवला. असं करत करत त्या चिमुरडीनं मला जमिनीवर आणलं. मी गादीवर आडवा, आणि ही उलटी फिरून पुन्हा वर! कडेला हात लावून ओरडते काय, "आई, बघ! मी एकटी!"

खरं सांगू? त्या गादीवरून उठावंसंच वाटेना. गादी मऊ होती म्हणून... आणि तिथून वर चिमणी छान दिसत होती म्हणूनही.

काल शाळेच्या फाटकात तिच्या बाईंनी गाठलं. "अहो, तुमची मुलगी सगळ्या वर्गाला शिकवणार आहे, घाबरलेल्या माणसाला खाली कसं उतरवायचं ते. तुम्ही याल का? काही करायचं नाही, नुसतं घाबरून दाखवायचं."

"जमिनीवरच ना?" मी विचारलं.

"जमिनीवरच."

मग काय... जातोय शुक्रवारी!