हुशार मुलांच्या यादीतून नाव कमी करण्याबाबत

सन्माननीय अध्यक्ष विष्णुपंत, व्यासपीठावरील प्रमुख पाहुण्या कुंदाताई, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत ते पुष्करराव आणि हिमानीताई, आणि अंबरनाथ-बदलापूरहून रविवारची झोप सोडून आलेल्या पालक बंधुभगिनींनो,

मंडळाचा कार्यवाह म्हणून मी दोन शब्द बोलावेत, अशी अध्यक्षांची आज्ञा आहे. मी दोनावर थांबत नाही हे त्यांना ठाऊक असूनही.

विशेष हुशार मुलांच्या पालकांचं हे मंडळ सहा वर्षांपूर्वी सुरू झालं, ते एकमेकांना आधार द्यायला. मूल वर्गात कंटाळतं, प्रश्न विचारून बाईंना रडवतं, हे नातेवाइकांना सांगितलं तर ते म्हणतात, मिरवताय. म्हणून इथे सांगायचं. मुलांचे मार्क सांगायचे नाहीत, हा आपला पहिला नियम. तो आपण किती पाळला? असो.

पुष्करराव आणि हिमानीताईंचा अनीश सगळ्यांना माहीत आहे. कुठलीही तारीख सांगा, तो वार सांगायचा. चिखलोलीला त्यांच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला पाहुण्यांनी त्याच्यासमोर रांग लावली होती. रांगेत मीही होतो. माझा जन्म मंगळवारचा, हे मला तिथे कळलं. त्याचा आजवर काही उपयोग झालेला नाही.

गेल्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांनी तारीख विचारली आणि अनीश म्हणाला, "माहीत नाही." त्याला स्टेजची भीती वाटते असं आपण ठरवलं आणि त्यावर कार्यशाळा घेतली. तो बिचारा तिलाही पूर्ण वेळ बसला. मग आठवड्याने त्याचा अर्ज आला. विषय, हुशार मुलांच्या यादीतून नाव कमी करण्याबाबत. त्याच्या परवानगीने वाचतो.

"मी गेली पाच वर्षे हुशार आहे. मला कॅरम येत नाही. पण शिकवायला कोणी तयार होत नाही, कारण सगळ्यांना वाटतं मला येत असेल. तरी माझे नाव कमी करावे ही विनंती. आपला नम्र, अनीश, इयत्ता सहावी."

आपल्या नियमाप्रमाणे अर्जाला यादीतलाच एक अनुमोदक लागतो. तिथे राजसीची सही होती. राजसी म्हणजे माझी मुलगी.

घरी जाऊन विचारलं, "राजसी, हे काय आहे?"

ती म्हणाली, "बाबा, त्याचं मंजूर होतंय का बघते आधी."

मला राग आला. खरं सांगायचं तर भीती वाटली. कंपनीत मी पंचवीस वर्षं आहे, अजून गेटवर आयकार्ड दाखवावं लागतं. इथे आलो की लोक उठून खुर्ची देतात, कारण मी राजसीचा बाबा. ती यादीत नसेल तर मी कोण? म्हणून अर्ज तीन महिने फाइलमध्ये ठेवला. हिमानीताईंनी विचारलं की म्हणायचो, "प्रोसेसमध्ये आहे."

शेवटी हिमानीताई बैठकीत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दादा, तुम्ही नाव काढताय की मी काढू? आमच्या बिल्डिंगखाली इस्त्रीवाले नाथाकाका आहेत ना, त्यांच्याकडे तो कॅरम शिकतोय. काल काका मला म्हणाले, 'ताई, पोरगा एकदम ढ आहे. पण काय खूश असतो!' पाच वर्षांत त्याच्याबद्दल असं कोणी बोललं नव्हतं हो." आणि त्या रडायला लागल्या.

इतिवृत्त लिहायचं काम माझं. मी "मंजूर" एवढंच लिहिलं. मूल यादीत नाही म्हणजे पालक मंडळात नाहीत, हाही आपलाच नियम. त्यामुळे आपण दोन चांगली माणसं घालवतो आहोत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याच दिवशी माझ्या ताटाशेजारी राजसीचा अर्ज होता. विषय तोच. अनुमोदकाची जागा रिकामी. मी म्हटलं, "अनीश करेल की सही."

"तो आता यादीत नाही, बाबा. आणि बाकीच्यांना त्यांचे बाबा करू देणार नाहीत."

नियम तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. जेवण झाल्यावर सही मी केली. नियमात बसत नाही, पण केली. तेव्हा अध्यक्षमहाराज, आजपासून आपल्याला नवा कार्यवाह शोधावा लागेल.

हॉल देणाऱ्या सोसायटीचे आणि चहाचं सगळं पाहणाऱ्या उन्नतीताईंचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर आपण सर्वांनी पोटात घालावं. अर्ज दाबून ठेवल्याची माफी मात्र तुमच्याकडे मागत नाही. ती मागच्या रांगेत बसलेल्या दोघांकडे मागतो. अनीश, राजसी, माझं चुकलं.