फुलंब्रीला उतरणारी आत्या

हर्सूल सुटलं की शहर संपायचं, तेव्हाची गोष्ट. सिल्लोडच्या यष्टीत विणकाम करत बसलेल्या प्रमोदिनीबाईंच्या पुढच्या बाकावर दोघी जावा बसल्या होत्या. धाकट्या साळूबाईंनी खिडकीची दांडी घट्ट धरली होती.

"जाऊबाई, काळीज लई धडधडायलंय."

"डॉक्टर काय म्हणले?"

"काळीज ठणठणीत हाय म्हणले. हा भीतीचा आजार हाय. गाडीत बसलं की जीव जातो असं वाटतं, पर जात नाय."

"मग औषध?"

"गोळ्या दिल्या. अन् म्हणले, धडधड वाढंल, मग आपोआप ओसरंल. तवर गाडीतून उतरू नका."

"अन् तू दर बारीला फुलंब्रीला उतरतीस."

"उतरलं की बरं वाटतं."

"तुला वाटतं. तिकडं सिल्लोडला तुझ्या भावाचं लेकरू रांगायलंय, अजून बारसं नाय. आत्याबिगर नाव ठेवायचं कुणी? समदे त्याला 'ए' म्हणून हाका मारायलेत."

"वहिनी रागावली असंल."

"छ्या! ती म्हणती, आत्या येईस्तोवर पोरगं स्वतःच नाव सांगंल."

"घाम सुटला वं. हाताला मुंग्या आल्या."

"येऊ दे. काकडी खाती का?"

"मरायच्या टायमाला काकडी?"

"मागल्या बारीला बी मरतच होतीस. उतरून भजे खाल्लेस."

फुलंब्री आलं. साळूबाई ताडकन उभ्या राहिल्या. प्रमोदिनीबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं.

"मावशी, उतरायचं का?" कंडक्टरनं विचारलं.

"नाय."

"मग उभ्या कशाला?"

"तू घंटी मार बाबा. गाडी चालू झाली की बसते."