दगडू कुठंय?

(कळव्याचं मैदान. विशेष खेळाडूंचा बोचीचा, म्हणजे लक्ष्याजवळ बॉल टाकायच्या खेळाचा, सामना सुरू व्हायला दहा मिनिटं.)

रखमाबाई : मग टाकत का नाय ती? घरात दिवसभर टाकते. काल माझा तांब्या पाडला.

पामेला : आजी, मी सांगितलं ना तिला. कल्पिता, गुडघा वाकव, मनगट सरळ, नजर समोर, आणि श्वास सोडताना बॉल सोड.

रखमाबाई : चार कामं झाली. मना कोनी चार सांगितली तर मी पन अशीच उभी राहीन.

पामेला : आमच्या कोचिंगच्या पुस्तकात असंच आहे.

रखमाबाई : बॉल पुस्तक टाकनार का माझी नात? बावीस वर्सं सांभाळतेय तिला. तुमच्या कॉलेजची पोरं येतात, तीन आठवडे आमच्या पोरांवर शिकतात, मार्क घेऊन जातात. कल्पे, काय झालं गं?

कल्पिता : दगडू कुठंय?

रखमाबाई : कोन दगडू?

पामेला : अं... आजी, ठाकुर्लीला आपण प्रॅक्टिस करतो ना, तिथे समोर दगडूकाकांची वड्याची गाडी असते. 'समोर टाक' म्हटलं की ही गोंधळायची. म्हणून मी म्हणायचे, दगडूकडे टाक. एकदम सरळ जायचा बॉल. तीन आठवडे एकदम परफेक्ट.

रखमाबाई : आनि आज दगडू ठाकुर्लीत वडे तळतोय.

पामेला : हो.

रखमाबाई : शाबास मास्तरीनबाई. आज चांगली खेळली तरच ठाण्याच्या टीममध्ये घेनार, आनि तू पोरीला वड्याचा पत्ता शिकवलास.

पामेला : हसू नका ना. तिकडे आमचे सर बसलेत.

रखमाबाई : मी कुठं हसतेय? पोट हलतंय नुसतं. थांब, मी जाते पल्याड. मीच दगडू.

पामेला : तुम्ही? पंच बाहेर काढतील.

रखमाबाई : पंचाला मी बघते. कल्पे, हिकडं बघ. मी दगडू.

कल्पिता : तू आजी. दगडूला मिशी हाय.

रखमाबाई : मना पन हाय थोडी.

कल्पिता : मग वडा दे.

पामेला : आजी, पाच मिनिटं राहिली. कल्पिता, तो छोटा पांढरा बॉल दिसतो? ज्याचा मोठा बॉल त्याच्या सगळ्यात जवळ जातो तो जिंकतो, म्हणजे टेक्निकली...

रखमाबाई : खड्ड्यात गेलं तुझं टेक्निकली. त्याचं नाव सांग. ही नावाकडं टाकते, जागेकडं नाय. एवढं तरी कळलं का तुना?

पामेला : नाव? पॅलिना म्हणतात त्याला.

कल्पिता : पामेला?

पामेला : नाही गं, पॅ-लि...

रखमाबाई : गप बस. हो कल्पे, पामेला.

कल्पिता : बारकी पामेला.

रखमाबाई : हां. आनि बडबड करीत नाय, म्हंजे मोठीपेक्षा बरीच.

पामेला : पंचांनी बोलावलं. आजी, मी काय बोलू आता?

रखमाबाई : एकच. तुझंच नाव.

पामेला : कल्पिता, पामेलाकडे.

कल्पिता : येते गं पामेला.

पामेला : आजी, डोळे उघडा.

रखमाबाई : आधी तू सांग, मग उघडते.

पामेला : चिकटला. अगदी खेटून.

रखमाबाई : दुसरा?

पामेला : तोपण. पंच टेप घेऊन वाकलेत, पण मापायला मध्ये जागाच नाही.

कल्पिता : पामेलाला लागलं?

रखमाबाई : नाय गं बाय. ती हसतेय बघ.

पामेला : हसत नाहीये, रडतेय. आजी, सामना संपला, यादीत नाव लिहिलं. कल्पिता ठाण्याच्या टीममध्ये.

रखमाबाई : बरोबर लिहिलं का बघ. मना वाचता येत नाय.

पामेला : बरोबर आहे. दोनदा बघितलं.

रखमाबाई : मग झालं. तुझे तीन आठवडे पन संपले. मार्क घे नि जा सुखानं.

कल्पिता : सोमवारी पामेला येनार?

पामेला : कुठली? ती का मी?

कल्पिता : दोघी.