दहाचे दहाच

ब्रॉन्क्सच्या न्हाव्याच्या दुकानात रामोन नंबर लावून बसला होता. शेजारी निवडणुकीची वर्गणी गोळा करणारी यारित्सा एका म्हाताऱ्याशी बोलत होती, ते त्याच्या कानावर पडत होतं.

"एलिहिओकाका, आपल्या गल्लीतली मिलाग्रोस नगरसेवकपदाला उभी आहे. तुम्ही दहा डॉलर दिलेत, की शहराची पालिका तिच्या प्रचाराला पदरचे ऐंशी घालते."

"तिला कडेवर खेळवलंय मी. हे घे. पत्ता लिही, तीनशे बारा, चौथा मजला."

"काका, तुम्ही पेनसिल्व्हेनियाला मुलाकडे राहता ना आता?"

"झाली तीन वर्षं. केस कापायला इथंच येतो."

"मग तुमच्या दहाचे दहाच राहणार. भर पडते ती या शहरात राहणाऱ्यांच्याच पैशांवर."

"चाळीस वर्षं राहिलो की इथं."

"ते नाही चालत हो."

"बघ, काही होतंय का."

"माझ्या नावावर टाकले तर होतील नव्वद. पण तो गुन्हा आहे."

"आणि पोरीला कसं कळणार, एलिहिओनं दिले म्हणून? राहू देत दहाच. नाव माझंच लिही."

"लिहिलं. आता तिकडचा पत्ता सांगा."

"तिकडचा होय? थांब, मुलाला फोन लावून विचारतो."